पौर्णिमेची ओहोटी

काँ, नॉर्मंडी
१५ जून २०२५

तीर्थरूप आप्पांस साष्टांग नमस्कार.

वि. वि. मी येथे कुशल आहे. तुम्हा सर्वांचे कुशल असावे. गेल्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलेत की, सहा जूनला तिकडे एवढा मोठा स्मरणदिन असतो, आणि तासाभराच्या अंतरावर राहूनही तू समुद्रावर गेली नाहीस, हे कसे? आवाज तुटत होता आणि उत्तरही फोनवर मावण्यासारखे नव्हते. म्हणून हे पत्र. तुम्ही ते दुपारी ओटीवर बसून, चष्मा पुसून, सावकाश वाचाल हे मला ठाऊक आहे, त्यामुळे मीही सावकाश लिहिते.

सहा जूनला मी गेले नाही, कारण त्या दिवशी पाणी तसे नव्हते. यंदा सहा तारखेला निर्जला एकादशी होती. अष्टमीचे भांग नुकते कुठे सरत होते, आणि भांगाच्या दिवसांत समुद्र धड मागेही जात नाही, धड पुढेही येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगावे! मला पाहायचे होते ते १९४४ सालच्या सहा जूनचे पाणी. ती तिथी होती ज्येष्ठ पौर्णिमा. आपल्याकडे त्या दिवशी बायका वडाला सूत गुंडाळत होत्या, त्याच दिवशी येथे दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे (ब्रिटन, अमेरिका, कॅनडा) दीड लाखांहून अधिक सैनिक जर्मनांच्या ताब्यातील किनाऱ्यावर उतरले. म्हणून मी पाच दिवस थांबले आणि ११ तारखेला, बुधवारी, पौर्णिमा सरण्यापूर्वीच्या पहाटे निघाले. पूर्ण ओहोटी सहाच्या आसपास होती. फ्रान्सचे हल्लीचे उन्हाळी घड्याळ आणि त्या वेळी दोस्तांनी वापरलेले घड्याळ जुळते, त्यामुळे वेळेचा वेगळा हिशेब करावा लागला नाही. चंद्र पश्चिमेला टेकला होता. किनाऱ्यावर माझ्याशिवाय एक कुत्रे फिरवणारा म्हातारा होता, बाकी कोणी नाही.

हा ओमाहाचा किनारा, सैनिक उतरलेल्या पाच किनाऱ्यांपैकी एक. नाव अर्थातच सांकेतिक, अमेरिकी सैन्याने ठेवलेले. गावांची खरी नावे व्हिएरव्हिल, सें-लोराँ आणि कोलव्हिल अशी आहेत. मागे दीडशे फूट उंचीचा गवताळ कडा, त्याच्या पायथ्याशी पूर्वी गोट्यांचा बांध होता, आणि त्यापुढे वाळू. आप्पा, ही वाळू आपल्या गुहागरसारखी उतरती नाही. ती जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे ओहोटीला पाणी दूर दूर जाते. पाण्याच्या कडेपासून मी पावले मोजत निघाले आणि बांध जेथे होता तेथे पोहोचेपर्यंत तीनशे ऐंशी पावले झाली. झाड नाही, खडक नाही, मान खाली घालायला आडोसा नाही. रिकाम्या हातांनी, कोरड्या कपड्यांत, कोणी गोळ्या झाडत नसताना मला पाच मिनिटे लागली. ते सैनिक पाणी शोषलेल्या लोकरी कपड्यांत, तीस-पस्तीस किलोंचे ओझे घेऊन, बोटीत रात्रभर ओकून रिकाम्या झालेल्या पोटाने चालत होते, आणि समोरच्या कड्यावर मशीनगनी होत्या.

लहानपणी युद्धाच्या गोष्टी ऐकताना मला वाटे की, शहाणा सेनापती असता तर त्याने भरतीला बोटी आणल्या असत्या. पाणी थेट बांधापर्यंत जाते, मग माणसांना उघड्यावर चालावे लागत नाही. जर्मनांचा फील्डमार्शल रोमेल यालाही तसेच वाटत होते. दोस्त भरतीलाच येणार असे धरून त्याने अर्ध्या वाळूवर अडथळे रोवून ठेवले होते: समुद्राकडे तोंड करून तिरपे गाडलेले लाकडी खांब आणि त्यांच्या टोकाला बांधलेले सुरुंग, लोखंडी रुळांचे त्रिशूळासारखे सांगाडे, पोलादी चौकटी. भरतीला हे सारे पाण्याखाली जाई आणि वर आलेली बोट त्यावर फाटून बुडाली असती. १९४४ च्या वसंतात विमानांतून काढलेल्या छायाचित्रांत हे अडथळे आठवड्यागणिक वाढताना दिसू लागले, तेव्हा बेत बदलावा लागला. ओहोटीनंतर लगेच, अडथळे कोरडे असतानाच उतरायचे, सुरुंग लावून त्यांतून वाटा मोकळ्या करायच्या, आणि मग चढत्या पाण्याबरोबर मागच्या बोटी त्या वाटांनी आत आणायच्या, असे ठरले. बोटी वाचवायच्या तर माणसांना ती तीनशे ऐंशी पावले चालायला लावणे भाग होते. हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांना त्याची किंमत माहीत होती. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त अस्वस्थ करते ते हेच.

आता वेळेचे गणित पाहा; तुम्ही बंदर खात्याच्या कचेरीत तीस वर्षे भरतीची पट्टी वाचलीत, तुम्हाला ते माझ्याहून चांगले कळेल. विमानातून रात्री उतरणाऱ्या छत्रीधारी तुकड्यांना चंद्रप्रकाश हवा. आरमाराला तोफा डागण्यापूर्वी थोडा उजेड हवा. आणि पूर्ण ओहोटी उजाडण्याच्या सुमारास हवी, म्हणजे तासाभरात पाणी चढू लागेल. या तिन्ही अटी एकत्र जुळणारे दिवस जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तीनच होते: ५, ६ आणि ७. त्यानंतर थेट १८ ते २० च्या सुमारास तशी ओहोटी, पण ती अमावास्येची, चंद्राशिवायची. शिवाय भरती या किनाऱ्यावर पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत जाते, त्यामुळे पाचही किनाऱ्यांची वेळ एक ठेवता येईना. युटा आणि ओमाहा येथे साडेसहा, गोल्ड आणि स्वोर्ड येथे सात पंचवीस, आणि जुनो येथे किनाऱ्यालगतच्या खडकांवर पुरेसे पाणी यावे म्हणून त्याहूनही थोडे उशिरा.

ही कोष्टके कोणी केली, हे मला येथे आल्यावर कळले आणि तेव्हापासून तुम्हाला सांगायचे होते. ब्रिटिश आरमाराच्या जलमापन विभागात भरती-ओहोटीचे काम पाहणारा विल्यम फार्करसन नावाचा अधिकारी होता. त्याने लिव्हरपूलजवळच्या बिडस्टन वेधशाळेत आर्थर डूडसन या गणितज्ञाला लिहून काही स्थिरांक पाठवले आणि एप्रिलपासून चार महिन्यांची भाकिते मागितली. जागेचे नाव दिले नाही. पत्रात फक्त ‘स्थान झेड’ असा उल्लेख. डूडसनला ऐकू फार कमी येत असे, पण भरतीच्या गणितात त्याच्या तोडीचा माणूस त्या काळी नव्हता. त्याच्याकडे पितळी चाकांची आणि कप्प्यांची दोन यंत्रे होती: प्रत्येक चाक चंद्राच्या किंवा सूर्याच्या एकेका ओढीसाठी, सर्व कप्प्यांवरून एकच तार गेलेली, आणि त्या तारेच्या टोकाशी पाण्याची उंची उमटत जाई. एकाच बॉम्बने दोन्ही जाऊ नयेत म्हणून ती एकमेकांपासून दूर ठेवली होती. यंत्र फिरवणाऱ्यांत तरुण मुली होत्या, आणि आपण कोणत्या किनाऱ्याचे पाणी मोजतो आहोत हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आप्पा, अशा यंत्रांपैकी अगदी सुरुवातीचे एक १८७९ साली हिंदुस्थान सरकारसाठीच बांधले गेले होते. आपल्या बंदरांची भरतीची कोष्टके इंग्लंडात त्यावर निघत, आणि मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याच्या नोंदी होत आल्या आहेत. तुम्ही दर वर्षी जानेवारीत नवे कोष्टक आले की पहिल्या पानावर तारीख घालून सही करायचात, त्या पुस्तकाचे पणजोबा म्हणजे हे यंत्र. मी हे वाचले तेव्हा तुमच्या कचेरीतला तो शाईचा आणि ओल्या लाकडाचा वास मला एकदम आला.

कोष्टकाच्या जोडीला वाळूही तपासावी लागली, आणि हे माझ्या रोजच्या कामातले असल्यामुळे याविषयी थोडे जास्त लिहिते. आम्ही किनाऱ्यावर नळी खुपसून वाळूचे थर काढतो आणि कोणता थर किती भार पेलेल ते पाहतो. दोस्तांना भीती होती की, नॉर्मंडीच्या वाळूखाली काही ठिकाणी जुन्या दलदलीची काळी, मऊ माती आहे आणि तीत रणगाडे रुततील. ते पाहायला माणूसच जायला हवा होता. १९४३ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री मेजर लोगन स्कॉट-बाउडन आणि सार्जंट ब्रूस ऑग्डन-स्मिथ हे दोघे व्हेर-सुर-मेर गावासमोर बोटीतून पाण्यात उतरले, पोहत किनाऱ्याला लागले, आणि जर्मन पहारेकरी नववर्षाच्या मेजवानीत असताना पोटावर सरपटत गिरमिटाने वाळूचे नमुने काढून अंगावर बांधलेल्या नळ्यांत भरू लागले. परतताना लाटा इतक्या उंच होत्या की दोनदा ते मागे फेकले गेले. पलीकडून ऑग्डन-स्मिथ ओरडला, तेव्हा स्कॉट-बाउडनला वाटले तो बुडतो आहे. तो ओरडून नववर्षाच्या शुभेच्छा देत होता, असे सांगतात. पुढे जानेवारीत याच दोघांनी चिमुकल्या पाणबुडीतून येऊन ओमाहाची पाहणी केली. नंतर स्कॉट-बाउडनने अमेरिकी जनरल ब्रॅडली यांना स्पष्ट सांगितले की, हा किनारा फार कठीण आहे आणि येथे माणसे फार पडतील. ब्रॅडलींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, मला ठाऊक आहे, एवढेच म्हटले.

हवामानाची हकीकत तुम्हाला माहीत असेल, म्हणून थोडक्यात लिहिते. पाच जूनला उतरायचे ठरले होते, पण वादळाची चिन्हे दिसल्याने हवामान अधिकारी जेम्स स्टॅग यांच्या सल्ल्यावरून एक दिवस पुढे ढकलले. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला ब्लॅकसॉड येथील टपाल कचेरीत काम करणाऱ्या मॉरीन या मुलीने घेतलेल्या वायुभाराच्या नोंदी त्या निर्णयात उपयोगी पडल्या. त्या नोंदी तीन जूनच्या, त्या दिवशी तिचा एकविसावा वाढदिवस होता आणि आपल्या आकड्यांचे पुढे काय झाले हे तिला अनेक वर्षे कळले नाही. पाच तारखेच्या पहाटे दोस्तांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी निघण्याचा हुकूम दिला. अशा हवेत कोणी येणार नाही असे समजून रोमेल पत्नीच्या वाढदिवसासाठी जर्मनीत घरी गेला होता.

आता पुन्हा वाळूवर येते. तुम्ही मला लहानपणी खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा दाखवायचात आणि सांगायचात की, नवखा तांडेल दांड्यावर बोट टेकली की किनारा आला असे समजतो, पण दांड्याच्या मागे चर असतो आणि चरात पाणी डोक्यावर असते. ओमाहावर नेमके हेच घडले. समुद्राला ओहोटीची नुकतीच कलाटणी मिळाली होती, बोटी बाहेरच्या दांड्यांवर टेकल्या, पुढची फळी खाली पडली, सैनिक घोट्याभर पाण्यात उतरले, आणि चार पावलांवर चरात गळ्यापर्यंत गेले. पाठीवरच्या ओझ्याने कित्येकांना पुन्हा वर येऊ दिले नाही. मी बुधवारी तो चर पाहिला. त्यात ओहोटीचे मागे राहिलेले पाणी संथ साचले होते, त्यात आभाळ दिसत होते, आणि तळाशी एक खेकडा तिरपा चालत होता. मी त्यात उतरले तर पाणी मांडीपर्यंत आले. इतका साधा, इतका ओळखीचा चर!

त्याशिवाय प्रवाह होता. भरतीचा ओढा बोटींना पूर्वेकडे नेत होता, त्यामुळे ओमाहावर बहुतेक तुकड्या ठरल्या जागेपासून दूर लागल्या, शेजारची कंपनी कोठे आहे हे कोणास कळेना. युटावरही बोटी ठरल्या जागेपासून दीड-दोन किलोमीटर दक्षिणेला लागल्या, पण तेथे योगायोगाने पहारा विरळ होता आणि त्या चुकीने शेकडो जीव वाचले. ओमाहासमोर तरंगणारे रणगाडे पाच-सहा किलोमीटर बाहेरच पाण्यात सोडले. कॅनव्हासचे पडदे उभारून तरंगणारे ते रणगाडे लाटांपुढे टिकले नाहीत. एका बटालियनने सोडलेल्या २९ पैकी २७ बुडाले. शेजारच्या बटालियनच्या अधिकाऱ्यांनी समुद्र पाहून रणगाडे पाण्यात न सोडता बोटींनीच थेट वाळूवर नेण्याचे ठरवले आणि त्यांचे पुष्कळसे किनाऱ्याला लागले. पाणी डोळ्यांनी पाहून निर्णय घेणारा माणूस आणि कागद पाहून निर्णय घेणारा माणूस यांच्यातला फरक तुम्ही मला किती वेळा सांगितला असेल!

अडथळे फोडण्यासाठी आरमाराच्या आणि लष्कराच्या संयुक्त तुकड्या पहिल्या लाटेबरोबरच उतरल्या होत्या. सोळा वाटा मोकळ्या करायच्या होत्या. हातात अर्ध्या तासाहून फारसा वेळ नव्हता, कारण पाणी भराला लागले की आठ मिनिटांत एक फूट चढत होते. सुरुंग बांधायचा, वात लावायची, आणि तेवढ्यात त्याच खांबाच्या आडोशाला जीव मुठीत धरून आलेला एखादा पायदळाचा मुलगा. त्याला ओरडून, ढकलून बाजूला करायचे, नाहीतर स्फोट करायचा नाही. ओमाहावरच्या या कामातील आरमाराच्या १७५ जणांपैकी ३१ ठार आणि ६० जखमी झाले. ठरलेल्या सोळांपैकी पाच-सहाच वाटा नीट मोकळ्या झाल्या, आणि त्यांच्या खुणा लावायलाही माणसे उरली नव्हती. मग पाण्याने उरलेले अडथळे झाकले.

आणि आप्पा, पाण्याने माणसेही झाकली. जे वाळूवर जखमी होऊन पडले होते, ज्यांना उठता येत नव्हते, त्यांच्यापर्यंत पाणी आले. काही जण लाटेच्या कडेबरोबर इंचाइंचाने सरपटत पुढे आले, काहींना सोबत्यांनी कॉलर धरून ओढले, आणि ज्यांच्याजवळ कोणी नव्हते ते तेथेच बुडाले. मी छत्रीची काठी पाण्याच्या कडेला वाळूत रोवली आणि घड्याळ पाहत बसले. कलाटणीनंतर पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही असे वाटले. मग पाणी काठीला लागले, मग काठीच्या मागे गेले, आणि मी बसले होते तेथे बूट ओले झाले तेव्हा मला कळले की मी काठीकडे पाहत असताना ते माझ्या बाजूच्या खळग्यातून आधीच पुढे गेले होते. आवाज नाही, लाट नाही. बुधवारचे पाणी त्या दिवसाच्या पाण्यापेक्षा लहानच होते. ज्या कोष्टकाने हजारो बोटी वाचवल्या त्याच कोष्टकातले हे पाणी होते, आणि ते किती वाजता कोठपर्यंत येईल हे महिनोन् महिने आधी कागदावर लिहून ठेवलेले होते.

साडेआठ वाजता किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्याने वाहने उतरवणे थांबवले, कारण भरतीने वाळूची पट्टी इतकी अरुंद केली होती की गाड्या ठेवायला जागा उरली नव्हती आणि कड्यातून वर जाणारे रस्ते अजून बंद होते. साडेदहा-अकराच्या सुमारास पूर्ण भरती आली, तेव्हा गोट्यांच्या बांधाला टेकून माणसांची एक लांबच लांब ओळ पडलेली होती. तेवढ्यात काही विनाशिका उथळ पाण्यात इतक्या जवळ आल्या की त्यांचा तळ वाळूला घासेल अशी भीती होती, आणि तेथून त्यांनी कड्यावरच्या ठाण्यांवर तोफा डागल्या. त्या आधाराने लहान लहान टोळ्या रस्त्यांची वाट न पाहता सरळ गवताळ कड्यावर चढल्या. संध्याकाळपर्यंत किनारा हाती आला. ओमाहावर त्या एका दिवसात मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून दोन हजारांहून अधिक माणसे गेली. व्हिएरव्हिलसमोर उतरलेल्या एका कंपनीत व्हर्जिनियातल्या बेडफर्ड नावाच्या लहानशा गावाची मुले होती. तीनेक हजार वस्तीच्या त्या गावाची जवळजवळ वीस मुले त्या दिवशी मेली. आपल्या साताऱ्याकडची फौजी गावे आठवली की त्या गावात तारा कशा पोहोचल्या असतील याची कल्पना करता येते.

दुपारी मी आरोमाँशला गेले. तेथे दोस्तांनी बंदर जिंकण्याऐवजी बंदरच सोबत आणले होते. १९४२ च्या ऑगस्टमध्ये दिएप या बंदरावर समोरून हल्ला केला होता आणि त्यात नऊशेहून अधिक कॅनेडियन सैनिक मारले गेले. बंदर असे हाती येत नाही हे तेव्हा कळले. मग काँक्रीटच्या इमारतींएवढ्या पेट्या बांधून, त्या इंग्लंडहून ओढत आणून समुद्रात बुडवल्या आणि लाटा अडवणारा बांध केला. आतला धक्का चार पोलादी पायांवर उभा होता आणि पाण्याबरोबर त्या पायांवरून वर-खाली होत होता, त्यामुळे सहा मीटरच्या भरतीतही जहाज आणि धक्का एका पातळीवर राहत. चर्चिल यांनी १९४२ मध्येच लिहून कळवले होते की धक्के पाण्याबरोबर चढले-उतरले पाहिजेत. त्या पेट्यांपैकी काही आजही उभ्या आहेत. ओहोटीला त्यांच्यापैकी एकीजवळ चालत गेले तर तिच्या अंगावर कालवांचा जाड थर होता, आणि दोन मुले लहानशा बादलीत शिंपले गोळा करत होती.

याचसारखे दुसरे बंदर ओमाहासमोर होते. ते १९ ते २२ जूनच्या वादळात मोडले. म्हणजे उतरण्याची तारीख पुढच्या ओहोटीवर ढकलली असती, तर तो सारा ताफा या वादळात सापडला असता. बंदर मोडल्यावर अमेरिकनांनी काय केले, ते वाचून तुम्हाला फार आनंद होईल. त्यांनी मोठी जहाजे भरतीला सरळ वाळूवर आणून टेकवली, ओहोटीला ती कोरडी पडली की पुढची दारे उघडून ट्रक उतरवले, आणि पुढच्या भरतीला जहाजे पुन्हा तरंगवून परत नेली. आपल्या खाडीत गलबते पिढ्यान् पिढ्या अशीच लागत आली आहेत! मोठमोठ्या अभियंत्यांना आधी भीती होती की जहाजाचा कणा मोडेल. मोडला नाही, आणि या रीतीने ओमाहावर अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक माल उतरला.

त्याच उन्हाळ्यात आपलीही माणसे युरोपात लढत होती, हे येथे फार थोड्यांना माहीत आहे. इटलीत दोस्त १९४३ मध्ये सिसिली आणि सालेर्नोच्या किनाऱ्यांवर असेच समुद्रातून उतरले, आणि त्या वाटेने वर सरकलेल्या सैन्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पलटणी होत्या. माणगावच्या कचेरीसमोर ज्यांचा पुतळा आहे, ते नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले, वय बावीस. तुम्ही मला एस.टी.तून तो पुतळा दाखवला होतात. येथील एका सहकाऱ्याला मी त्यांच्याविषयी सांगितले, तेव्हा त्याने नाव दोनदा विचारून वहीत लिहून घेतले.

संध्याकाळी परतताना कोलव्हिलच्या अमेरिकी दफनभूमीत थांबले. सुमारे ९,४०० पांढरे क्रूस आणि तारे, अगदी रांगेत, आणि त्यांच्यापलीकडे कड्याखाली पुन्हा तीच वाळू. तेव्हा दुसरी ओहोटी पूर्ण होत आली होती. येथील माणसे फक्त सैनिकांची आठवण काढत नाहीत. त्या उन्हाळ्यात बॉम्बफेकीत आणि लढाईत नॉर्मंडीचे सुमारे वीस हजार नागरिक मेले, आणि मी राहते ते काँ शहर बहुतांश जमीनदोस्त झाले. माझ्या घरमालकीणबाईंच्या आईने ते दिवस खाणीच्या बोगद्यात काढले होते. सहा जूनला त्या बाई ध्वज लावतात आणि चर्चमध्येही जातात.

आप्पा, एक विनंती आहे. तुमच्या लाकडी पेटीत जुनी भरतीची कोष्टके जपून ठेवलेली आहेत, त्यांतले सर्वांत जुने कोणत्या सालचे आहे ते पाहून कळवा, आणि शक्य झाल्यास ओंकारकडून त्याच्या ज्येष्ठ महिन्याच्या पानाचा फोटो पाठवा. पानाच्या कडेला तुम्ही पेन्सिलीने प्रत्यक्ष पाण्याची उंची लिहीत होतात, तीही फोटोत येऊ द्या. कोष्टकातला आकडा आणि प्रत्यक्ष पाणी यांत तेव्हा किती फरक पडत होता, हे मला येथल्या नोंदींशेजारी ठेवून पाहायचे आहे.

ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार. तिने पाठवलेली कोकमे पोहोचली. ओंकारला आशीर्वाद. पावसाळा लागला आहे. खाडीवर संध्याकाळी एकटे जाऊ नका, आणि गेलात तर उधाणाच्या दिवशी धक्क्याच्या खालच्या पायरीवर उतरू नका.

आपली,
मेधा